‘ळ’चा पाठ

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. भांडण म्हणून नव्हे, सवय म्हणून. सुरतेच्या बमरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि लूमच्या खात्याची, म्हणजे मागांच्या कारखान्याची, भिंत एकच होती. पलीकडे दिवसभर मागांची खटाखट चालायची, तिच्या तालावर आमच्या फळीवरचे पेले किणकिणायचे, आणि नुसतं मीठ मागायचं झालं तरी शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा आवाज लावावा लागायचा. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे. त्या दिवशी माग थांबत, पण आम्ही ते विसरून तसेच ओरडत राहायचो, आणि सबंध चाळीला कळायचं की आज आमच्याकडे डुबुकवड्यांचा रस्सा पातळ झालाय. आप्पा रंगाच्या मिलमध्ये होते. रोज संध्याकाळी घरी आले की माझी धाकटी बहीण सुनी आणि मी दारात उभ्या राहून त्यांचे हात बघायचो. पोपटी नखं असली की उद्या बाजारात पोपटी साड्या, गुलाबी असली की गुलाबी. एकदा ते जांभळे हात घेऊन आले आणि कळण्याची भाकरी त्या हातांनी मोडताना बघून सुनी इतकी हसली की तिला ठसका लागला. माय घरात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. घरभर साड्या असायच्या, आमच्या एकीच्याही नाहीत. त्या ढिगाला टेकून मी माझा अभ्यास करायची, आणि माझा अभ्यास तेव्हा काय होता, तर मुलांचं मन कसं चालतं हा.

मी एकोणीस वर्षांची होते आणि अध्यापन मंदिरात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या चाळीतून शिक्षिका व्हायला निघालेली मी पहिलीच, त्यामुळे नळावर बायका मला आधी पाणी भरू देत. शिकवणं सगळं गुजरातीत. मानसशास्त्र शिकवायला हंसाबेन होत्या. उंच, ठसठशीत, अस्सल सुरती. मोपेडवरून येताना वाटेत लोचो बांधून घ्यायच्या आणि मधल्या सुट्टीत आम्हा मुलींना स्वतःच्या डब्यातून वाढायच्या. त्यांचं शिकवणं एका वाक्यात मावत असे, ते त्या महिन्यातून चारदा तरी म्हणत: ‘पहेलां सांभळो, पछी भणावो.’ आधी ऐका, मग शिकवा. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, परीक्षेत त्यावर पान भरून उत्तर लिहिलं आणि वर्गात पहिली आले. ऐकलं मात्र कुणाचंच नव्हतं.

सरावासाठी मला आमच्याच बाजूची एक मराठी शाळा मिळाली. पत्र्याचं छप्पर, पाच खोल्या, अंगणात एक कडुनिंब. दुसरीच्या वर्गाचे गुरुजी लांब रजेवर गेलेले, म्हणून वर्ग सगळा माझ्या हवाली. बावन्न मुलं. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि बावन्न मुलांनी मला चार नावांनी हाका मारल्या. कुणाला मी बाई होते, कुणाला बेन, कुणाला टीचर, आणि पुढच्या बाकावरची एक चिमुरडी मला सरळ माय म्हणून मोकळी झाली. निम्मी मुलं आमच्या खानदेशातली, घरी अहिराणी बोलणारी. बरीच विदर्भातली. थोडी मराठवाड्यातली, ज्यांचे आईबाप नव्या शेडच्या बांधकामावर होते. सगळी खेळताना हिंदीत भांडायची, गुजरातीत राज्य घ्यायची, आणि रडायची वेळ आली की प्रत्येक जण आपापल्या गावच्या बोलीत रडायचा. मला तर मेळ्यात आल्यासारखं वाटलं. पहिला आठवडाभर मी घरी जाऊन इतकं बोलत होते की आप्पा म्हणाले, पलीकडचे माग बंद करा, आता हिचाच चालू झालाय.

पण वर्गात मी अहिराणी बोलत नव्हते. एक शब्दही नाही. मला वाटायचं, शिक्षिकेने पुस्तकातलं बोलावं. सगळ्यात भीती होती ती ‘ळ’ची. आमच्याकडे ‘ळ’ नाहीच. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, गूळ म्हणजे गूय. मी वर्षभर आरशासमोर उभी राहून जीभ वळवायला शिकले होते. साड्यांच्या ढिगामागून डाळ, सकाळ, भोपळा असा जप चालू असायचा. माय कात्री थांबवून बघायची. शेवटी एकदा तिने विचारलंच, ‘काय व्हयनं व तुले? सकायपाशीन डाय डाय करी ऱ्हायनी. भूक लागनी का?’ मी म्हटलं, डाय नाही, डाळ. तीही म्हणून बघायला लागली, सुनीही, आणि आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडात डोकावत इतक्या हसलो की कापलेल्या धाग्यांचा गठ्ठा सगळ्या खोलीभर उडाला.

मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणून मला त्या वर्गाची चाचणी घ्यायची होती. चित्रांची कार्डं मी स्वतः काढली होती. मूल समोर बसवायचं, कार्ड दाखवायचं, हे काय आहे विचारायचं, उत्तर तक्त्यात मांडायचं. मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, यांना ते फार आवडलं. ते चांगले गृहस्थ होते, जाड भिंगांच्या चष्म्याआडून सगळ्यांकडे मायेने बघायचे, पण एवढ्या गर्दीत कुणाकडे किती लक्ष द्यायचं या विवंचनेत असायचे. त्यांनी मला सांगितलं की चाचणीवरून कच्च्या मुलांची यादी काढ, ती मुलं आपण परत पहिलीत बसवू, म्हणजे बाकीच्यांचं अडणार नाही. मला धन्य झाल्यासारखं वाटलं. माझ्या यादीवरून शाळेत काहीतरी ठरणार होतं.

यादीत नऊ नावं झाली. पहिलं नाव मंगला. महिन्यापूर्वी आलेली मराठवाड्यातली मुलगी, आईबाप आधी हजिऱ्याला कामावर होते, मग इकडे आले. दोन घट्ट वेण्या, अंगाला मोठा होणारा फ्रॉक. ती बोलायचीच नाही. सुरुवातीला एकदा तिने कुणाला तरी ‘कामून’ असं विचारलं होतं, म्हणजे का म्हणून, आणि वर्ग दिवसभर कामून कामून करत नाचला होता. तेव्हापासून ओठ मिटलेले. हजेरी घेताना मी तिच्याकडे बघून मंगला म्हणायची, ती माझ्याकडे शांतपणे बघत राहायची. चाचणीतही तिने एकाच कार्डाला उत्तर दिलं. कार्डावर वाटीभर रस्सा होता, वर तर्री, मी लाल खडूने छान रंगवलेली. ती म्हणाली, ‘कोरड्यास.’ मी परत विचारलं, ती परत तेच म्हणाली. मी तक्त्यात लिहिलं: ओलं-कोरडं यातला फरक कळत नाही. आणि खाली लिहिलं: स्वतःच्या नावालाही प्रतिसाद नाही. आता शिक्षकांच्या शिबिरांत मला बोलायला बोलावतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना कसं समजून घ्यावं यावर मी तासभर बोलते. त्या वेळी ती दोन वाक्यं माझ्या डोळ्यांपुढे असतात. किती सुवाच्य अक्षरात लिहिली होती मी.

यादी मोठ्या गुरुजींच्या टेबलावर गेली, आणि दुसऱ्याच दिवशी माझा शेवटचा पाठ होता. हंसाबेन तो बघून गुण देणार, त्यावर वर्षाचा निकाल. पाठ कोणता यावा, तर ‘ळ’. मी घाबरायला हवं होतं, पण त्या वयात भीती आणि आनंद यांतला फरकच कळत नसावा. मी हवेत होते. सकाळी मायने न्हाऊ घातलं, सुनीने तिची नवी रिबन दिली, आप्पांनी डझनभर केळी आणली. पाठ्यपुस्तकातलं चित्र दाखवण्यापेक्षा खरी वस्तू दाखवावी असं आम्हाला शिकवलं होतं. मी पाच पायऱ्यांचा पाठ काढला होता, प्रत्येक पायरीला किती मिनिटं तेही लिहिलं होतं. पहिली पायरी: केळं दाखवून मुलांकडून ‘केळं’ हा शब्द काढून घेणे, दोन मिनिटे.

हंसाबेन आणि मोठे गुरुजी मागच्या बाकावर बसले. मी पिशवीतून केळ्यांचा घड काढला, उंच धरला आणि विचारलं, हे काय आहे. खानदेशी मुलं एका सुरात म्हणाली, केया. मी मान हलवली. भंडाऱ्याकडची दोघं उभी राहून म्हणाली, केरी. तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलींनी सुरतेच्या केळेवाल्यासारखा केलां, केलां असा घोष लावला. मी म्हटलं, नीट म्हणा. मग सगळे आपापला शब्द नीट, म्हणजे दुप्पट मोठ्याने म्हणाले. केया, केरी, केलां. लूमच्या आवाजात वाढलेली मुलं ती, त्यांच्या मोठ्याने म्हणण्याला सीमा नव्हती. पत्र्यावरचे कावळे उडाले. शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. मी फळ्यावर मोठा ‘ळ’ काढला, डस्टर आपटला, कुणी बघेना. माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती. आणि मग घरात जसा आवाज लावायची तसा माझा आवाज आपोआप लागला: ‘आते बठ्ठा जण फयाकडे देखा!’

वर्ग चिडीचूप झाला. खानदेशी मुलांचे डोळे एवढाले झाले. मग सुरेखा म्हणून एक पोर होती, माझ्या हिशेबात वर्गातली सगळ्यात हुशार, चाचणीत पहिली आलेली. ती शेजारणीला अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘बाई तं आपलीच शे.’ आणि मग जो हशा झाला, तो मी आजही ऐकू शकते. ती मुलं मला हसत नव्हती. त्यांना आनंद झाला होता. महिनाभर कुठल्या तरी पुस्तकातून आलेली बाई एकदम त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. माझे कान तापले, फजितीने की कशाने कोण जाणे, आणि मला स्वतःलाच हसू यायला लागलं, ते आवरेना. हातात केळ्यांचा घड, मागे परीक्षक, आणि मी पोट धरून हसतेय.

त्या गोंधळात कडेच्या बाकावरून मंगला उठली. फ्रॉक सावरून सरळ उभी राहिली, फळ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, ‘फया न्हाई बाई. फळा हाय तो.’

इतका स्वच्छ ‘ळ’ मी तोवर ऐकला नव्हता. रेडिओवरही नाही. मी तिला परत म्हणायला सांगितलं. तिने म्हटलं. मग केळं म्हण म्हटलं, तेही म्हटलं. आणि मग न विचारता, महिनाभर साठलेलं उघडावं तसं ती बोलत सुटली. माळवं म्हणजे भाजीपाला, इळा म्हणजे गवत कापायचा, बाभळ, कोळपं, तळं, तिच्या गावात जे जे ‘ळ’चं होतं ते सगळं तिने त्या वर्गात आणून ठेवलं. कुणी हसलं नाही. मी विचारलं, जीभ कुठे ठेवतेस ते दाखव. तिने आ केला आणि जीभ मागे वळवून दाखवली. झालं, सगळा वर्ग तिच्यासमोर रांगेने उभा. एकेकाने तिच्या तोंडात बघायचं आणि आपली जीभ तशी वळवायची. कुणाच्या तोंडून ल निघे, कुणाच्या ड, एकाच्या तोंडून नुसतीच लाळ. रांगेच्या शेवटी बघते तर हंसाबेन. गुजरातीत ‘ळ’ आहे, पण सुरतेच्या गल्लीत तो सगळ्यांच्याच जिभेवर टिकत नाही. त्यांनी ‘मळवुं’, म्हणजे भेटणं, असं म्हणायचा प्रयत्न केला, निघालं ‘मलवुं’. मंगलाने मान हलवली आणि त्यांना परत म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला जमलं तेव्हा हंसाबेन सरस्वती प्रसन्न झाल्यासारख्या वर्गाकडे वळल्या, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मनात तेव्हा एक गोष्ट टोचली. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, इतकं छान बोलतेस, मग हजेरीला का बोलत नाहीस?

‘मव्हं नाव मंगळा हाय,’ ती म्हणाली. ‘मंगला मह्या आतीची पोरगी हाय. ती गावाकडं ऱ्हाती. तिची हाजरी म्या कशी देऊ?’

मी हजेरीपट उघडून बघितला. दाखल करताना कुणीतरी मंगला लिहून ठेवलं होतं. मीही रोज तेच वाचत होते. मग मी तिला तो शब्द विचारला, कोरड्यास म्हणजे काय. तिला माझी दया आली असावी. भाकरीसंगं खायचं पातळ, ती म्हणाली, कालवण. त्यांच्याकडे रश्श्यालाच कोरड्यास म्हणतात. म्हणजे बरोबर उत्तर देणारीला मी चूक दिली होती, आणि केयाला, डोयाला मी न थांबता बरोबर धरत गेले होते, कारण ते मला कळत होतं. नऊ नावांत एकही खानदेशी नव्हतं. ते मला तिथे उभी असताना, हातात केळी धरून, पहिल्यांदा दिसलं.

तास संपला. पाचपैकी एकच पायरी झाली होती. मुलांनी खऱ्या वस्तू खाऊन टाकल्या. मी हंसाबेनपुढे गेले आणि मोठ्या गुरुजींच्या देखत सगळं सांगून टाकलं, की चाचणी चुकलीय, यादी चुकलीय, ती परत द्या. सांगताना वाटलं होतं की रडू येईल, पण आलं ते हसूच, मघाचं अजून ओसरलं नव्हतं. हंसाबेनही हसल्या. मग त्यांनी पेन काढलं आणि माझ्या प्रात्यक्षिकावर आडवी रेघ मारली. एका आठवड्यात सगळी चाचणी नव्याने घे म्हणाल्या, बावन्नच्या बावन्न मुलांची, आणि या वेळी आधी त्यांच्या घरचे शब्द गोळा कर. पाठाला त्यांनी जेमतेम पास होण्यापुरते गुण दिले. पायऱ्या पूर्ण झाल्या नव्हत्या, त्याला त्या तरी काय करणार.

तो आठवडा म्हणजे माझ्या आयुष्यातला सण. शाळा सुटली की वही घेऊन मी घरोघर. हे काय, याला तुमच्याकडे काय म्हणता, एवढंच विचारायचं. बायका आधी बुजायच्या, मग हसायच्या, मग शेजारणीला हाक मारायच्या, आणि मग कुणाचा शब्द खरा यावर त्यांचीच जुंपायची. गुडघा या एका शब्दावर एका ओट्यावर चार बायका आपापले गुडघे दाखवत भांडल्या. प्रत्येक घरी खावं लागे. एकीकडे ओले बिबडे, एकीकडे झुणका, मंगळाच्या आईने बांधकामावरच्या विटांच्या चुलीवर केलेलं कोरड्यास. ते इतकं तिखट होतं की मला शब्द लिहायला दिसेना. रात्रीचं जेवण मी घरी जेवलेच नाही त्या आठवड्यात, आणि माय, शब्द नुसते वहीत लिहायचे होते ना, म्हणून मला चिडवायची.

मग नवी चाचणी झाली. सगळ्यांचे सगळे शब्द धरून मी तक्ता मांडला आणि नवी यादी घेऊन मोठ्या गुरुजींकडे गेले. मंगळा कुठेही अडली नव्हती. बाकीची आठही नाहीत. पण कार्डं मी या वेळी थोडी लांब धरली होती, सगळ्यांना दिसावीत म्हणून, आणि त्यात एक मुलगी अडली. तिने कार्डाकडे न बघता आधी इतरांचं ऐकलं आणि मग सगळ्यांच्या आधी हात वर केला. मी तिला एकटीला उभी केली तेव्हा तिने केळ्याला कोयता म्हटलं.

गुरुजींनी वाचायला चष्मा काढला, त्यांना जवळचं तसंच दिसायचं, कागद नाकाशी धरला.

‘एकच नाव?’ ते म्हणाले. ‘आणि तेही सुरेखाचं? ती तर तुझी पहिली होती.’

मी सांगितलं की ती कच्ची नाही, तिला दिसत नाही. वर्षभर ती कानांनी शिकतेय, आणि अहिराणीत पटापट उत्तरं देते म्हणून माझ्या ते लक्षातच आलं नाही.

गुरुजी उठले, तसेच चष्मा हातात घेऊन वर्गात आले, भिंतीला हात लावत लावत. त्यांनी सुरेखाला पुढे बोलावलं, आपला चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि तो घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिले. तिचा नंबर आणि त्यांचा नंबर एक नसणारच, पण काहीतरी जुळलं असावं. ती आधी खिडकीकडे बघत राहिली. कडुनिंबाला सुटी सुटी पानं असतात हे तिला तेव्हाच कळत होतं बहुतेक, कारण ती ओठांनी काहीतरी मोजत होती. मग तिने फळ्याकडे बघितलं. मग ती हळूहळू वळली, माझ्याकडे तोंड केलं, आणि मला पायापासून रिबनीपर्यंत न्याहाळलं.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘तुम्ही ते आजून पोरच शेतस व माय.’

वर्ग हसला, मी हसले, आणि सगळ्यात जास्त हसले ते मोठे गुरुजी, ज्यांना त्या क्षणी आमच्यातलं कुणीच दिसत नव्हतं.